मागच्या चाकाचा माज

माझे आजोबा बैल घ्यायला घोटीच्या बाजाराला जात. व्यापारी शिंगं दाखवायचा, वशिंडावरून हात फिरवायचा, बैल कसा गुणाचा आहे ते सांगत सुटायचा. आजोबा त्याच्याकडं लक्ष न देता खाली बसायचे आणि बैलाचा पाय उचलायला लावायचे. डांगी बैलाचा खूर काळा आणि गारगोटीसारखा टणक असतो, इगतपुरीकडच्या पावसात तोच टिकतो, हे त्यांना कुठल्या विद्यापीठानं शिकवलं नव्हतं. खूर पसंत पडला तरच रुमालाखाली हात जायचा.

त्याच आजोबांच्या नातवानं, म्हणजे मी, द्राक्षबागेसाठी २४ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला तेव्हा बॉनेट पाहिलं, स्टिकर पाहिले, सीट किती मऊ आहे ते बसून पाहिलं, व्याजाचा दर तीनदा विचारला. मागचे टायर पहिल्यांदा नीट पाहिले ते पूजेच्या वेळी, त्यांच्याखाली लिंबू ठेवताना. आजोबा खूर बघायचे, मी शिंगं बघून आलो.

हे लिहिताना मी माझ्या एकट्याची चामडी सोलणार नाही, काळजी नको. निफाड-दिंडोरीकडचा कुठलाही चारचौघांतला बागायतदार घ्या. त्याला डॉगरिजच्या खुंटाबद्दल विचारा, संजीवकाच्या पीपीएमबद्दल विचारा, युरोपातल्या रेसिड्यूच्या मर्यादेबद्दल विचारा, तो दोन तास बोलेल. मग विचारा, ‘तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचं माप काय, आणि त्यात हवा किती?’ तो तुमच्याकडं असा बघेल, जणू तुम्ही त्याच्या चपलेचा नंबर विचारलात. चपलेचा तरी त्याला पाठ असतो.

आता हिशेब ऐका. माझ्या बागेत दोन ओळींमधलं अंतर ९ फूट, म्हणजे १०८ इंच. मागचा टायर ८.३ इंच रुंद, असे दोन. म्हणजे प्रत्येक ओळीतल्या १०८ इंचांपैकी साडेसोळा इंच टायरखाली. एकराच्या भाषेत बोलायचं तर ४० गुंठ्यांतले सहा गुंठे. ही जमीन दरवेळी तीच असते, कारण बागेत ट्रॅक्टरला दुसरीकडं जायला जागाच नसते. कांद्याच्या किंवा सोयाबीनच्या रानात चाक आज इथून गेलं, उद्या तिथून जातं. बागेत मात्र एकदा पडलेली चाकोरी बाग उपटेपर्यंत हलत नाही. गेल्या हंगामात मी वहीत खुणा केल्या. ऑक्टोबर छाटणीपासून खुडणीपर्यंत एकेका ओळीतून ट्रॅक्टर ५८ वेळा गेला. सहा गुंठ्यांना ५८ वेळा रोलर फिरवायचा आणि मग कृषिसेवा केंद्रात जाऊन ‘पांढरी मुळी चालत नाही हो, काहीतरी द्या’ म्हणून ह्युमिकची बाटली आणायची. बाटलीवाला खूश, टायरवाला खूश, मुळी तेवढी गुदमरलेली.

ओल्या रानात ट्रॅक्टर घालूच नये, असं कागदावर लिहिणं फार सोपं आहे. परतीचा पाऊस पोंग्यात आलेल्या बागेला धुऊन काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डावणीची धास्ती मानेवर बसलेली असते, तेव्हा वाफसा यायची वाट बघत बसणारा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही. मीही थांबत नाही. चिखल असो, पाणी साचलेलं असो, फवारणीचा ब्लोअर आत जातोच. दिवस निवडणं आपल्या हातात नाही. म्हणूनच जे हातात आहे, ते टायर, ते तरी डोळे उघडे ठेवून निवडावेत. पण नेमकं तिथंच घोडं पेंड खातं.

पहिले टायर गोटा झाल्यावर मी तालुक्याच्या एका दुकानात गेलो. माझ्या ट्रॅक्टरला ८.३-२० हे माप. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. मधली आडवी रेघ म्हणजे जुन्या पद्धतीचा, तिरप्या धाग्यांचा टायर. त्या रेघेच्या जागी ‘आर’ असेल तर रेडियल. इतकी सरळ भाषा आहे, पण वाचणार कोण?

दुकानदार म्हणाला, ‘भाऊ, आठ-तीन संपलाय. साडेनऊ बसवा की. त्याच डिस्कवर बसतो. रुंद आहे, उंच आहे, ट्रॅक्टर कसा भरून दिसेल बघा.’

भरून दिसेल! हा एक शब्द पुरला. मी खिशात हात घातला. पुढं जे झालं त्याला विकतचं दुखणं म्हणतात, आणि ते पायरीपायरीनं आलं. टायर रुंद, म्हणून तो आतून मडगार्डला घासायला लागला. मग दुकानातल्या पोरानं डिस्क उलटी फिरवून चाक बाहेर काढलं. चाकांमधलं अंतर वाढलं, आणि चाक बोदाच्या कडेवर चढायला लागलं. ठिबकची नळी पहिल्याच आठवड्यात तीन ठिकाणी चिरडली. डिस्क फिरवल्यामुळं टायरच्या नक्षीची दिशाही फिरली, ते तर कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अशा वेळी डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं लावायचं असतं. मागं उभं राहून बघितलं तर लगांची, म्हणजे नक्षीतल्या उंच पट्ट्यांची, टोकं वर, आभाळाकडं बाण दाखवल्यासारखी दिसायला हवीत. म्हणजे चाक फिरताना लगाचं मधलं टोक आधी जमिनीत रुततं आणि चिखल दोन्ही बाजूंना बाहेर फेकला जातो. माझे बाण जमिनीकडं होते. चिखल बाहेर जायच्या ऐवजी मध्ये दाबला जायचा, दहा पावलांत टायरचा गुळगुळीत गोळा व्हायचा. टायरच्या बाजूवर चांगला बोटभर बाण कोरलेला असतो. तो न वाचता टायर बसवणारा पोरगा, बसवताना शेजारी उभा राहून चहा पिणारा मालक आणि तो ट्रॅक्टर घेऊन घरी जाणारा मी, या तिघांत जास्त अडाणी कोण, ते वाचकांनी ठरवावं. माझं मत माझ्याकडं आहे.

खरी गंमत पुढं आहे. माझा ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा. अशा ट्रॅक्टरात पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त, साधारण एक ते पाच टक्के, पुढं धावतील अशी गिअरची मांडणी केलेली असते. त्या हिशेबानंच कंपनी पुढच्या आणि मागच्या टायरांची जोडी ठरवते. मागचा टायर बदलून त्याचा घेर वाढवला की मागची चाकं पुढच्यांना ढकलू लागतात. पुढची अडवतात, मागची रेटतात, आणि मधल्या दांड्यावर दोघांचं भांडण चालू. दोन बैल एकाच जुवाखाली वेगवेगळ्या चालीनं चालवल्यासारखं. चिखलात ते खपून जातं, घसरून जातं. डांबरी रस्त्यावर मात्र पुढचे टायर रेतकागदावर घासल्यासारखे झिजतात, आणि एक दिवस आतून कटकट आवाज येतो. तो आवाज दुरुस्तीच्या बिलाचा असतो.

एवढं होऊनही मला जाग आली नव्हती. ती आणली आमच्या सालदारानं. हा माणूस सातवीपर्यंत शिकलेला, आणि फवारणीचं पाणी मोजण्यात तालुक्यातल्या कुठल्याही सल्लागाराला ऐकणार नाही. एक दिवस म्हणाला, ‘नाना, टाकी उरती.’

‘म्हंजे?’

‘म्हंजे आधी या प्लॉटला टाकी बरोबर संपायची. आता तोच गिअर, तेवढाच अ‍ॅक्सिलेटर, आन टाकीत पाणी उरतं. नोझल तपासले. धड हायेत.’

मी आपला नोझलांना शिव्या देत बसलो. त्यानं मात्र टायरवर खडूनं रेघ मारली आणि घरापासून वस्तीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर टायरच्या दहा फेऱ्या मोजल्या. ट्रॅक्टर २९ मीटर गेला. मग गल्लीतून जुन्याच मापाचे टायर असलेला, माझ्यासारखाच दुसरा ट्रॅक्टर आणला. त्याच्या दहा फेऱ्यांत २७ मीटर. सात टक्के फरक. इंजिनाची गती तीच, म्हणून पंप फिरवणाऱ्या पीटीओची गती तीच, म्हणून पंप मिनिटाला तेवढंच पाणी फेकतो. पण ट्रॅक्टर त्याच मिनिटात सात टक्के जास्त पुढं पळतो. एकरी ४०० लिटरचं गणित बसवलेलं, ते मोठ्या टायरानं गुपचूप ३७२ वर आणून ठेवलं. अठ्ठावीस लिटर पाणी आणि त्यातलं औषध पानावर पोचलंच नाही. त्या वर्षी काही घडांवर भुरी का राहिली, याचं खापर मी औषधाच्या कंपनीवर फोडत होतो. टायरवर नजर गेली नाही, कारण टायर कसा भरून दिसत होता!

नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्यानं केली त्यानं ट्रॅक्टर पाहिला नसणार, पण माझ्यासारखे गिऱ्हाईक नक्की पाहिले असणार.

मोठ्या टायरचा माज माझ्या एकट्याचा नाही. गावात ट्रॅक्टर हे वाहन कमी आणि मिरवणूक जास्त झालं आहे. काचेवर नाव, मागं वाघाचं चित्र, हॉर्न असा की गाभण म्हैस बिथरावी. त्या रुबाबात टायर उंच हवा, रुंद हवा, लग खोल हवेत. ट्रॉली उलटी चालवण्याच्या शर्यतीत तो शोभतही असेल. बागेत ट्रॅक्टरला कुणी बघत नाही. तिथं प्रेक्षक म्हणून फक्त मुळं असतात आणि ती जमिनीखाली असतात.

गमतीची गोष्ट अशी की ट्रॅक्टरला रबरी टायर आले तेच मुळी मुळांमुळं. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं असायची, त्यांना लोखंडी दात. १९२० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागायतदारांनी पाहिलं की हे दात झाडांची मुळं तोडतात. त्यांनी जुन्या ट्रकांचे टाकाऊ टायर आणले आणि लोखंडी चाकांवर चढवले. विद्वान नव्हते, बागवाले होते. पुढं १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनं फायरस्टोनचे हवेचे टायर लावून आपला ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टर बाजारात आणला. आणि शेतकऱ्याला हे पटवायला कंपनीनं काय केलं? शर्यती लावल्या! १९३३ मध्ये बार्नी ओल्डफिल्ड नावाच्या मोटारशर्यतीच्या पट्टीच्या चालकानं तो ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी, म्हणजे १०३ किलोमीटरनी पळवला. संत्र्याच्या मुळाची काळजी करायला निघालेला टायर चारपाच वर्षांत धुरळा उडवत जत्रेत पोचला. आपण आजही त्याच जत्रेत उभे आहोत.

आता हवा. पंक्चरवाल्याशी माझं वैयक्तिक वैर नाही. बिचारा ट्रक, जीप, मोटारसायकल, ट्रॅक्टर सगळ्यांना एकाच मायेनं वागवतो, हीच अडचण आहे. ‘किती मारू?’ असं विचारण्याची पद्धत आमच्याकडं नाही. बोटांनी दाबून बघायचं, टायर दगडासारखा लागला की पाइप काढायचा. मी काटा लावून बघितला तेव्हा माझ्या मागच्या टायरांत कंपनीच्या पुस्तकात बागेच्या कामासाठी लिहिलेल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट हवा होती. ही गोष्ट साधी आहे आणि म्हणूनच कुणी ऐकत नाही: जमिनीच्या वरच्या थरावर टायर जेवढा दाब देतो, तो ढोबळमानानं टायरातल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. हवा दुप्पट, तर टायरचा जमिनीला टेकणारा तळवा निम्मा आणि मातीवर दाब दुप्पट. कमी हवेचा टायर थोडा पसरतो, जास्त लग जमिनीला लागतात, पकड वाढते आणि माती कमी दबते. दहा हजारांचं यंत्र लागत नाही, शे-दोनशे रुपयांचा काटा लागतो. पण पोट आलेला टायर दिसला की गावातली चार माणसं रस्त्यात थांबवून सांगतात, ‘नाना, हवा बसलीये!’ लोकलाजेपायी कितीतरी टायर फुगवले गेले असतील.

खोल थराचं गणित मात्र वेगळं आहे, तिथं हवेचं चालत नाही. वीतभर खालच्या मातीला दाबते ती धुऱ्यावरची एकूण वजनाची गोणी. म्हणूनच मला टायरांत पाणी भरणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. व्हॉल्व वर ठेवायचा, टायर पाऊणभर पाण्यानं भरायचा, वर हवा मारायची. नांगरटीत, ट्रॉली ओढताना चाक जागेवर फिरत असेल तर याला अर्थ आहे. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालायचे, मग रिमा गंजून जायच्या, मग कुणीतरी बीटाचा रस भरायला सुरुवात केली. अमेरिकेत खरंच बीटाचा रस भरतात, हे मी थट्टेनं लिहीत नाही. पण आमच्याकडं फवारणीचा ट्रॅक्टर बारा महिने पोटात पाणी घेऊन हिंडतो, कारण चार वर्षांपूर्वी कुणीतरी एकदा नांगरटीला भरलं होतं आणि काढायचं राहून गेलं. चाक किती घसरतं ते मोजलंय का कुणी? ओझ्याशिवाय दहा फेऱ्यांत जेवढं अंतर जातं, तेवढंच अंतर ओझ्यासह किती फेऱ्यांत जातं ते मोजा. अकरा-साडेअकरा फेऱ्या लागल्या तर सगळं ठीक आहे. जेमतेम दहाच लागल्या तर तुम्ही फुकटचं वजन डिझेल घालून फिरवताय.

प्लायचा घोळही याच पंगतीतला. ‘सहा प्लाय नको, आठ द्या, दणकट असतो.’ अरे, दणकट हवा तर दगडी रोलरच घ्या ना. प्लायचा आकडा टायर किती ओझं आणि किती दाब सहन करतो त्याचा आहे, इज्जतीचा नाही. सहाशे-सातशे किलोच्या ट्रॅक्टरला गरजेपेक्षा जाड भिंतीचा टायर लावला की तो कमी हवेत वाकतच नाही. मग पुस्तकातला हवेचा आकडा पाळूनही उपयोग शून्य.

राहिले लग. याची एक जुनी वर्गवारी आहे आणि ती टायरवर छापलेली असते. आर-१ म्हणजे आपला नेहमीचा शेतीचा टायर. आर-२ चे लग त्याच्या जवळजवळ दुप्पट खोल, भाताच्या आणि उसाच्या चिखलासाठी. आर-३ चे निम्मे उथळ, हिरवळीसाठी. आर-४ मधला, जेसीबीच्या जातीचा. अमेरिकेत घराभोवतीच्या हिरवळीवर जो बागेचा ट्रॅक्टर फिरतो त्याला आर-३ घालतात, कारण खोल लगानं वळताना हिरवळीचे लचके निघतात. तिथं हिरवळ फाटली की शेजारी बघतात, म्हणून टायर काळजीनं निवडतात. आपल्या मुळ्या फाटतात तेव्हा शेजाऱ्याला दिसत नाही. आणि हो, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखाना असलेली बीकेटी कंपनी असे हिरवळीचे टायरही बनवते आणि तिचा बहुतेक माल परदेशी जातो. मी आमच्या गावच्या दुकानात उथळ नक्षीचा टायर मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘घासलेला पाहिजे का? मागं ढीग पडलाय.’

त्याच्या थट्टेत निम्मं खरं होतं, हे मान्य करायला हवं. डिसेंबर-जानेवारीत रान कोरडं आणि कडक असतं, तेव्हा फवारणीला अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा चांगला. लग कमी, तळवा जास्त, वळताना माती कमी ओरबाडतो. पण ऑक्टोबरच्या चिखलात तोच टायर ओळीत रुतून बसतो आणि मग तो बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर बागेत घालावा लागतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आमच्या काळ्या चिकट मातीत आर-१ चे साधे, मध्यम लग पुरतात. आर-२ लावणारे एक सद्गृहस्थ शेजारच्या गावात आहेत. त्यांच्या बागेत चाकोरी एवढी खोल झाली की पावसाळ्यात तिच्यात बेडूक प्रजोत्पादन करतात. भाताच्या खाचरातला टायर द्राक्षाच्या ओळीत आणला की बेडूकही भाताचेच येणार.

या सगळ्या शहाणपणाला एक भोक आहे आणि ते मी स्वतःच्याच बागेत बघितलं. मी मागच्या टायरांवर एवढं डोकं चालवत होतो आणि सगळ्यात मागचं चाक विसरलो होतो. ट्रॅक्टरच्या मागं ब्लोअर. त्याला ६०० लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच ६०० किलो, लोखंड आणि पंखा वेगळे. हा सगळा डोलारा कशावर उभा? कुठल्यातरी जुन्या मारुतीच्या घासलेल्या, रिमोल्ड केलेल्या दोन टायरांवर, ज्यांत हवा कडक मारलेली. म्हणजे ट्रॅक्टरचा टायर हळुवार पाऊल टाकून जातो आणि लगेच मागून ब्लोअर त्याच चाकोरीत खिळा ठोकत येतो. ब्लोअर घेताना माझ्यासकट प्रत्येकजण पंख्याचा व्यास विचारतो, नोझल पितळी आहेत का ते विचारतो. टायर? ‘असतातच की त्याला.’

गेल्या मेमध्ये मी अखेर पहार आणि फावडं घेऊन ओळीत बसलो. बाहेर शेजाऱ्यांची लगबग, मी मात्र भर उन्हात खड्डा खणतोय. बोदाजवळ पहार सहज वीतभर जात होती. चाकोरीत चार बोटं गेली आणि खणकन थांबली. फावड्यानं कड उघडी केली तर खालची माती पोळ्यांची चळत ठेवल्यासारखी, थरावर थर, आणि प्रत्येक थराची वरची बाजू तुकतुकीत, जणू कुणी हातानं सारवलेली. बोदाकडून आलेली मुळी त्या थराशी येऊन काटकोनात वळली होती. पुढं जायला जागाच नव्हती. मी तिचा फोटो काढला आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं काय आली? ‘नाना, कुठलं ह्युमिक वापरता?’

मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, गावोगावी सल्लागार आहेत, माती तपासणी आहे, पाण्याची तपासणी आहे, पानाच्या देठाची तपासणी आहे. आपण सगळं तपासतो. देठात पोटॅश किती कमी पडलं ते दशांश चिन्हापर्यंत सांगतो. चर्चासत्रांत औषधांच्या कंपन्यांचे मांडव रांगेनं लागतात, प्रत्येकात पिशवी आणि डायरी मिळते. पण मी आजवर जेवढ्या चर्चासत्रांना बसलो त्यांपैकी एकातही कुणी व्यासपीठावर चढून ‘बंधूंनो, टायरात हवा किती ठेवता?’ असं विचारलं नाही. विचारणार कसं? कमी हवा बाटलीत भरून विकता येत नाही.

यंदा पुन्हा टायरांची वेळ आली. या वेळी मी दुकानात जाताना घरून पुस्तक, खडू, टेप आणि काटा घेऊन गेलो. माप तेच, ८.३-२०, जे पुढच्या टायरांशी जुळतं. प्लाय कंपनीनं दिलेला तेवढाच. बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पहिली जोडी निघाली चार वर्षं गोदामात उन्हाकडं तोंड करून बसलेली, ती परत केली. दुकानदार तोंड वाकडं करून म्हणाला, ‘नाना, टायर आहे, दुधाची पिशवी नाही.’ मी दुसरी जोडी मागितली. बसवताना पोराच्या शेजारी उभा राहिलो, चहा नाकारला. त्यानं पहिलं चाक उलटंच लावलं. मी बाण दाखवला. त्यानं दुकानदाराकडं बघितलं, दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, आणि चाक पुन्हा उतरलं. हवा मारताना मी काटा हातात धरून होतो. पोरगा म्हणाला, ‘काका, एवढीच? गावातले लोक हसतील.’

घरी आल्यावर सालदारानं न सांगता खडूची रेघ मारली, दहा फेऱ्या मोजल्या आणि मान हलवली. २७ मीटर. ब्लोअरचे मारुतीचे टायर काढून त्याजागी रुंद, कमी हवेचे टायर बसवायला वेल्डरकडं दिलेत. त्याचा धुरा बदलावा लागतोय, वेल्डरनं तीनदा ‘कशाला उगाच खर्च करता’ असं विचारून झालंय.

संध्याकाळी शेजारचा बागायतदार बांधावर आला. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, नव्या टायरवर लाथ मारून बघितली, थोडं वाकून नक्षी बघितली.

‘नाना,’ तो म्हणाला, ‘टायर बारीक वाटतात हो.’